जोर टाचेत असतो

प्रिय आरू,

सगळ्यात आधी कोण टपकलं असेल तर शेजारची गंगूबाई! काल पाहुण्यांची गाडी अजून चिंचेखाली लागतेय तोवर ही आपल्या ओट्यावर हजर. "रंभाक्का, जमीनवाले आले वाटतं, आधीच न्हाई म्हणून टाका." हल्ली आपल्या भरे गावात पांढरी गाडी येते ती जमिनीसाठीच, म्हणून मीही उंबऱ्यातूनच सांगितलं, "तुकडा विकायचा न्हाई, च्या घ्या आन् जावा." त्यातला टोपीवाला म्हातारा हसत सुटला. म्हणाला, "आजी, जमीन नको, तुम्हीच हव्यात." गंगूबाईचा चेहरा बघायला तू हवी होतीस.

तो म्हातारा म्हणजे बंडोपंत, डोंगरापलीकडच्या गोल्फच्या मैदानाचे मोठे साहेब. सोबत मेधाबाई, तिथं खेळ शिकवतात. पण आधीचं सांगते, नाहीतर तुला उमगायचं नाही. माझा शंभू, तुझा बाप, तिथं लोकांच्या खेळायच्या काठ्यांच्या पिशव्या वाहतो, एवढंच तुला ठाऊक. सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा पिशव्या वाहणाऱ्यांना खेळू देतात, त्यात हा किती वर्षं शिकत होता ते कुणाला बोलला नाही. मेधाबाईंना हाताखाली शिकवणारा एक माणूस हवा होता. अट अशी, की चेंडू मधल्या तळ्यापलीकडं पडला पाहिजे. गणपतीत पहिली परीक्षा झाली. तिन्ही चेंडू तळ्यात. घरी आला तो खांदा सुजवून. मी वीट तापवून शेकत होते, तर म्हणतो, "आये, जोर कमी पडतोय गं." चाळिशीचा बाप्या, पण डोळे असे झाले होते की मला उगाच चूल फुंकायला उठावं लागलं.

मग दिवाळी झाली, भाताची झोडणी निघाली. यंदा आंबेमोहोर बरा आलाय, तुझा वेगळा ठेवलाय हो. तर शंभू खळ्यात ती खेळाची काठी फिरवत होता, आणि मला हसूच फुटलं. नव्या नवरीसारखा झोडतोय! मूठ आवळलेली, दात आवळलेले, सगळा जोर दंडात. मीही लग्न होऊन आले तेव्हा अशीच झोडायचे, दोन दिवसांत तळहाताला फोड. सासूबाईंनी शिकवलं, पेंढी सैल धर, मागच्या पायावर भार घे, मग पुढची टाच रोव, कंबर वळव, हात आपसूक येतात, सगळ्यात शेवटी. तेच त्याला सांगितलं तर चिडला. "आये, ह्यो साहेबांचा खेळ हाय, भात न्हाई." म्हटलं, "चेंडूला काय म्हाईत कोण मारतंय? काठी ठेव, पेंढी घे." चार दिवस अनवाणी झोडायला लावलं. पाचव्या दिवशी काठी फिरवली तर असा सूंऽऽ आवाज झाला की कोंबड्या पळाल्या.

गेल्या सोमवारी शेवटची परीक्षा. चेंडू तळ्यापलीकडं तर गेलाच, वर झाडाखाली चहा पीत बसलेल्यांच्या पायाशी जाऊन पडला. कुणी शिकवलं विचारल्यावर माझं लेकरू खरं बोललं, म्हणून काल ही गाडी आली. साहेबांनी नोकरीचा कागदच आणला. शंभू मास्तर झाला, आरू! तो कागद हातात आला तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. मेधाबाई तर पँट दुमडून खळ्यात उतरल्या, चार पेंढ्या झोडल्या, निम्मं भात गंगूबाईच्या डोक्यात.

आता खरं लिहिते. बूथवरून फोन केला तर सगळी आळी ऐकते, म्हणून हे पत्र. वर्ष झालं, तू वसतिगृहातून घरी आली नाहीस. सोडायला आला तेव्हा बापानं तुझी पेटी डोक्यावर घेतली, आणि मैत्रिणींसमोर तू म्हणालीस, "इथं तरी हमाली नको." तो हसला, पेटी ठेवली आणि आला. मला एकदाच सांगितलं, मान खाली घालून. काल मी म्हटलं, आरूला कळवते. तर म्हणतो, "नको. मास्तर झालो म्हणून यायला नको. बाप हाय म्हणून येईल तवा येईल." त्याचं ऐकेन ती मी कसली? तिसरी शिकलेली बाई, सकाळपासून लिहितेय, बोटं दुखली. तुला येताना जी काही लाज वाटेल, ती गाडीतच ठेवून ये. पेटी मात्र त्यालाच उचलू दे. साहेब मंडळी आणखी खेळणारे घेऊन झोडणी शिकायला पुन्हा येणार आहेत. तू त्यांच्या आधी ये, जमलं तर गंगूबाईच्याही आधी. साहेब रविवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझीच,
रंभाआजी