श्रियाची दृष्ट आणि अख्खी इमारत

टिटवाळा,
शुक्रवार, दुपार

तीर्थस्वरूप मंदाकिनीआत्यास,

अनिमेषचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. खरोखर आडवा झालो तर तिथेच झोप लागेल.) तुझी तब्येत बरी असेल आणि काकांचा गुडघाही ताळ्यावर असेल, अशी आशा करतो. डोंबिवली काही लांब नाही, फोनही आहे. पण फोनवर कुजबुजलो तर तुला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललो तर दमून झोपलेली क्षिप्रा उठते, म्हणून हे पत्र. (टपालाने नाही, उद्या माणसाबरोबर पाठवतो.)

तुझी नात श्रिया दिवसा फार गुणाची आहे. रात्री मात्र सगळीकडे सामसूम झाली की जे भोकाड पसरते ते पहाटेपर्यंत. पोट भरलेलं असतं, लंगोट कोरडा असतो, डॉक्टर म्हणतात बाळ ठणठणीत आहे. मी अंगाई म्हणून पाहिली. ती क्षणभर थांबली, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि दुप्पट जोरात सुरू झाली. सोमवारी क्षिप्राची रजा संपते. ठाण्याच्या ऑफिसातली ती जागा तिने किती कष्टाने मिळवली, हे तुला ठाऊक आहे. परवा श्रियाबरोबर तीही रडली आणि म्हणाली, "असंच चाललं तर राजीनामा देते रे." आत्या, मला फार वाईट वाटलं. तिने नोकरी सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून काल रात्री तू सांगितल्याप्रमाणे दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि मूठभर लाल मिरच्या. (मूठ तुझी धरायची की माझी, हे विचारायचं राहिलं.) आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची असं म्हणत नीट ओवाळलं, सगळं तापल्या तव्यावर टाकलं आणि बाळाला ठसका लागू नये म्हणून धूर बाहेर जायला दार सताड उघडलं. बाहेर पॅसेजमध्ये फायर अलार्म आहे. तो चालतो की नुसताच लावलाय, यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोनदा भांडणं झाली होती. चालतो.

ज्यांची दृष्ट काढत होतो ते सगळे शेजारी नाइटड्रेसमध्ये जिने उतरून पार्किंगमध्ये जमले. वर सायरन, खाली आरडाओरडा, निम्मे लोक खोकतायत. मला नीट झापता यावं म्हणून चेअरमन गुरुदत्तकाकांनी आधी श्रियाला माझ्याकडून घेतलं, आणि त्या गोंधळात ती त्यांच्या खांद्यावर गाढ झोपली! पुढे कुणीतरी सायरन बंद केला, तशी डोळे उघडून रडायला लागली. शेजारच्या निशिगंधाकाकू म्हणाल्या, "अरे, हिला शांतता चालत नाही रे! आणि तुम्ही टीव्हीसुद्धा लावत नाही." (तुझ्या शास्त्राप्रमाणे ठसका लागला नाही तर दृष्ट असते. ठसका चार मजले लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच.)

घरी येऊन मिक्सर लावला, ती झोपली. पण मिक्सर तापतो, शिवाय चेअरमन आमच्या अगदी खालच्याच घरात राहतात. मोबाइलवर धबधब्याचा आवाज लावला, तर मध्येच बनियनची जाहिरात. आवाज खणखणीत, एकसुरी आणि पहाटेपर्यंत न थकणारा हवा. तरी दुखणं काय ते कळलं, हे काय कमी आहे? आज सकाळी क्षिप्रा कितीतरी दिवसांनी हसली.

काकांना नमस्कार.

तुझा,
अनिमेष

ता. क. रविवारी आमच्याकडे पंधरा दिवस राहायला येशील का?

ता. क. दुसरा. मीच का, असं विचारशील. बारशाच्या दुपारी तू श्रियाला कुशीत घेऊन पडलीस, ते तुम्ही दोघी दिवेलागणीपर्यंत उठला नाहीत. क्षिप्रा म्हणते, आत्यांच्या हाताला गुण आहे. आत्या, मी त्याच खोलीत होतो. हाताला नाही. तू घोरत नाहीस, हे सगळ्या घराला मान्य आहे. पण जे काही करतेस ते थोडे दिवस इथे येऊन कर. क्षिप्राची नोकरी आता त्यावरच आहे.

ता. क. तिसरा. हे पत्र काकांच्या हाती लागू देऊ नकोस. लग्न झाल्यापासून ते एका साक्षीदाराच्या शोधात आहेत.