बद्द वाजलेला कोपरा

बा, कातळ आता पाण्यानं फोडतात. सुरुंग ठासायचा नाही, वात पेटवून पळायचं नाही, "बार हाय, लांब सरा" म्हणून घसा कोरडा करायचा नाही. तुला हसू येईल, कारण तू जन्मभर पाण्यासाठी कातळ फोडलास आणि ही मंडळी कातळ फोडायला पाणी वापरतात. ही मंडळी म्हणजे तुझी पणती, माझ्या लेकाची लेक. तू गेल्यावर पुष्कळ वर्षांनी झाली, म्हणून ओळख करून देते. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, शाळेत तूच घातलं नाहीस. तेव्हा बोलते आहे मी आणि लिहिते आहे ती. तिला चष्मा आहे, पगार आहे, आणि भाकरी अशी करते की तिच्याच कामावरच्या लोकांनी दगड समजून डब्यात भरून तपासायला न्यावी. हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, "बोलते तसं लिही, नायतर समोरच्या घरातल्या बाईंना लिहायला बोलावते." तेव्हा लिहिलं.

तिचं काम मला जेवढं कळलं तेवढं सांगते. आपण वज्रेश्वरीला जाऊन गरम कुंडात पाय सोडून बसायचो. ते पाणी खालच्या कातळाची ऊब घेऊन आपलं आपण वर येतं. पण सगळीकडं तसं होत नाही. किती ठिकाणी खाली कातळ तव्यासारखा तापलेला असतो, पण असा सलग की पाण्याला आत शिरायला वाटच नसते. मग हे लोक तिकडं उत्तरेत, थंडीच्या मुलखात, बोअर मारतात; तू खोदलेल्या सगळ्या विहिरी एकाखाली एक लावल्या तरी तळ लागणार नाही इतकं खोल. त्यात पंपाच्या जोरानं पाणी दाबतात. त्या जोरानं कातळाला बारीक बारीक भेगा जातात, पाणी त्यांतून फिरतं, तापतं आणि शेजारच्या दुसऱ्या बोअरमधून वर येतं. त्याच्या वाफेवर वीज करायची आणि निवलेलं पाणी परत खाली सोडायचं. मी म्हटलं, "म्हंजे जमिनीच्या पोटात चहाचं आधण ठेवता." म्हणाली, "तसंच समज आजी, फक्त साखर नसते."

आता नीट ऐक. भेग जाताना कातळ कुरकुरतो. माणसाला ऐकू येत नाही, म्हणून जमिनीत यंत्रांचे कान पुरून ठेवतात आणि एक माणूस पडद्यापुढे बसून राहतो. कातळ बारीक कुरकुरला तर काम चालू. जास्त हलायला लागला तर त्या माणसानं ‘थांबा’ म्हणायचं, नाहीतर वरच्या गावातली भांडी मांडणीवरून खाली यायची. तो थांबा म्हणाला की पंप बंद. साहेब असो की साहेबाचा साहेब, कुणाचं चालत नाही. त्या खुर्चीवर आता हिला बसायला सांगितलंय. एवढे बाप्ये, डोक्यावर टोप्या घालून, हिच्या एका शब्दावर हात थांबवणार. बा, हे ऐकून मला इतका हेवा वाटला की त्या दिवशी आमटीत मी मीठ दोनदा घातलं आणि ती खारट झाल्याचा आळ सुनेवर घेतला.

हेवा का वाटू नये? ती खुर्ची माझी होती. आपल्या वेळी तिला खुर्ची म्हणत नव्हते, विहिरीच्या काठावरचा मातीचा ढीग म्हणत होते. सुरुंगांनी तुझे कान चाळिशी गाठायच्या आधीच नेले होते. हे तुला ठाऊक, मला ठाऊक आणि आयेला ठाऊक. खारबावच्या पलीकडं ज्या ज्या वाडीत तुला विहिरीला बोलावत, तिथं मात्र सगळे म्हणत, ह्याला कातळाच्या आतलं पाणी ऐकू येतं. मी काठावर बसलेली आहे, परकर गुडघ्यांत दाबून. मला खाली उतरायची बंदी. पोरीचा पाय विहिरीत पडला तर पाणी दुसरीकडं वळतं असं लोक म्हणतात आणि तूही मान हलवतोस. दादा खाली पहार मारतो. तू तोंड गंभीर करून कातळाला तळहात लावतोस आणि हळूच वर माझ्याकडं बघतोस. खण्ण वाजलं तर कातळ सलग आहे, मी गप्प. बद्द वाजलं तर आत भेग आहे, मी डोकं खाजवते. तू लगेच म्हणतोस, "हितं सुरुंग!" वरचे लोक माना डोलवतात, "काय कान हाय!" मला ते बाजारात आयेसोबत मडकी वाजवून कळलं होतं. बद्द वाजलेलं मडकं परत ठेवायचं, त्यात पाणी राहत नाही. कातळाचं उलटं, बद्द वाजला तरच पाणी. एवढी साधी गोष्ट होती, पण ती मला येत होती आणि दादाला येत नव्हती. आणि डोक्यात उवा आहेत म्हणून वाडीतल्या बायका मला हसायच्या, ते वेगळंच.

मग ती शेवटची विहीर. खाडीच्या बाजूच्या शेतातली. तू घणाला हळदकुंकू लावलंस, नारळ फोडलास आणि घण दादाच्या हातात दिलास. तुझ्या बापाचा घण होता तो. दिलास ते दिलास, वर विहीरमालकाला म्हणालास, "आता काळजी न्हाय. माझा कान ह्या पोरात उतरलाय." सगळ्यांनी दादाची पाठ थोपटली. मी तिथंच मातीवर बसलेली, तुझा खरा कान, नाकात शेंबूड आणि हातात चिंच. दादानं पहार मारायला सुरुवात केली. खण्ण. खण्ण. मग खाडीकडच्या कोपऱ्यात, बद्द. बा, इतकं स्पष्ट बद्द मी कधी ऐकलं नव्हतं. पोकळ पेटीवर मूठ मारावी तसं. तू वर पाहिलंस. मी चिंच चोखत बसले. तू दादाला त्याच कोपऱ्यात पुन्हा मारायला लावलंस आणि पुन्हा वर पाहिलंस. माझा हात डोक्याकडं गेला नाही. मग तू डोंगराकडच्या बाजूला हात दाखवलास.

चार बार झाले आणि चारही कोरडे गेले. विहीरमालक जाताना म्हणाला, "म्हातारा भयरा झालाय." तो ओठ हलवत होता ते तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही. घरी आलो तेव्हा आये चुलीवर भात उतरवत होती. तू पाटावर बसलास आणि नेहमीसारखं ओरडून नाही, अगदी हळू विचारलंस, "आज तुला ऐकू न्हाय आलं?" मी म्हटलं, "न्हाय." तू ताटातला सुका बोंबील उचलून माझ्या ताटात ठेवलास. मारलं असतंस तर बरं झालं असतं. पुढं कुणी विहिरीला बोलावलं नाही. दादानं घण विकला आणि आपण कामतघरला आलो, लूमवर. तिथं कापडाच्या मागांच्या खडखडाटात सगळेच ओरडून बोलतात, तिथं तुझे कान कुणाच्या लक्षात आले नाहीत. तू रात्रपाळी, दिवसपाळी करत राहिलास आणि कापडाला कधी तळहात लावला नाहीस. मी बघत होते.

पुढं ही गोष्ट मी पोरांना, नातवंडांना रंगवून सांगितली. त्यात काठावर कुणी पोरगी नाही. माझा बा कातळाशी बोलायचा आणि शेवटच्या विहिरीला त्याचा कान चुकला, अशी सांगितली. पोरं हसायची, मलाही हसू यायचं. हिनं ती गोष्ट खरी धरली. आता म्हणते, "पणजोबांचा एवढा तयार कान, तोही चुकला. मी थांबा म्हणायच्या जागी गप्प बसले तर? वर गाव आहे, आजी." उद्या सकाळी तिला फोन करून हो की नाही ते कळवायचं आहे. काल म्हणाली, नाही कळवते. म्हणून आज जेवणं झाल्यावर मी तिला वही घेऊन बसवलं आणि म्हटलं, माझ्या बापाला पत्र घालायचं आहे. तोंडावर सांगायला मला जमलं नसतं. तुझ्या आडून सांगते आहे. आडून सांगायची आपल्याला सवयच आहे.

पेन थांबलं आहे. ती म्हणते, "म्हणजे ऐकणारी तू होतीस?" लिही म्हटलं, होते. "आणि तुला ऐकू आलं होतं?" आलं होतं. "मग बोलली का नाहीस?" त्यांनी दादाची पाठ थोपटली म्हणून. तेवढ्याच साठी. बाजूच्या खोलीतल्या लूम थांबल्यात, शिफ्ट बदलते आहे. मग ती विचारते, "आजी, मलापण तू तशीच गप्प राहून बघणार होतीस?" पोरगी हुशार आहे, बा. बद्द कुठं वाजतं ते तिला बरोबर कळतं.

तर तिच्यासाठी लिहून ठेवते: तुझा कान चुकला नव्हता. तुझा कान मीच होते आणि मला ऐकू आलं होतं. कान आपल्या घरात कुणाचाच चुकत नाही, चुकतं ते तोंड. तिनं फक्त तोंड सांभाळायचं, हेवेदावे जेवणाच्या वेळेपर्यंत बाजूला ठेवायचे आणि थांबा म्हणायचं तेव्हा थांबा म्हणायचं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही. वहीतून फाडायचंही नाही, तिच्याच बॅगेत जाऊ दे.

एक राहिलं. हेही लिही गं, गाळू नको. ही येऊन चार दिवस झाले. भीती वाटते म्हणून तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हाच मी हे सांगू शकले असते. नाही सांगितलं. चार दिवस ती घाबरलेली होती, आणि बा, ते बघून मला बरं वाटत होतं.