सखूची नखं

मळवली, सोमवार, ८ जुलै १९३५

डोकं अजून तापलेलंच आहे. दुसरीतल्या सखूला पुन्हा ते सुतासारखे जंत झाले. ही तिसरी खेप! पोरीला एका जागी बसवत नाही. दोनदा मी स्वतः वावडिंगाचं चूर्ण नेऊन दिलं, तरी आईचं आपलं एकच पालुपद, ‘गुळानं व्हत्यात, मास्तर.’

आज शाळा सुटल्यावर तडक त्यांच्या भाताच्या खाचरावर गेलो आणि भरल्या लावणीत तिच्या आईला नको नको ते बोललो. जंतांची अंडी नखांत राहतात, बोट तोंडात गेलं की परत पोटात. किती वेळा सांगायचं? पोरीचं बोट तोंडातून काढायला काय होतं?

ती चिखलात तशीच उभी राहिली. म्हणाली, ‘घरात कातर न्हाई, मास्तर. न्हावी येतो, त्यो बाप्यांचीच काढतो. तुमी सोमवारी नखं बघून छडी मारता, म्हून पोरगी ऐतवारी बसून समदी दातानं कुरतडती.’

वाढलेल्या नखांना दोन छड्या. नियम माझाच. आता कोणावर ओरडू?

सकाळी रांगेत सखूचीच नखं सगळ्यांत आखूड होती. मी तिला पुढे बोलावून शाबासकी दिली.