बुधवार कोणाचा

रॉटरडॅम,
६ सप्टेंबर १९९८

चि. वाउट यास,
अ. उ. आ.

कुरासाव बेटावरच्या उन्हात तू भाजून निघालायस, तो फोटो मिळाला. जहाजं ओढणाऱ्या तुझ्या टगबोटीपेक्षा तुझंच पोट पुढे दिसतंय. फोन करू नकोस म्हटलं म्हणून रुसू नकोस. अरे, बोलायला लागले की खोकला येतो आणि तुझे पैसे तो ऐकण्यातच जातात.

आपल्या फेयेनोर्द क्लबचा फुटबॉलचा हंगाम बरा सुरू झालाय. खालच्या मजल्यावरचा टेऊन म्हणतो, यंदा आपणच. गेली पाच वर्षं तो हेच म्हणतोय.

गेल्या आठवड्यात इस्पितळात माझ्या छातीतलं पाणी काढलं. दीड लिटर! तिथल्या तरुण डॉक्टरणीनं विचारलं, तुम्ही कधी जहाजांच्या गोदीत काम केलंय का. मी म्हटलं, बाई, मी तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. मग म्हणाली, गोदीतले कपडे घरी कोण धुवायचं? काय हा प्रश्न! मी सांगितलं, वडील बॉयलरच्या नळांना वेष्टण घालायचे, कपडे आई धुवायची आणि त्याआधी बाल्कनीत झटकायचं काम माझं. बुधवारी आणि शनिवारी. पांढरी भुकटी अशी उडायची की मी बेकरीतून आल्यासारखी दिसायचे. बुधवारी क्लबच्या मैदानावरून तुम्हा पोरांचा ओरडा ऐकू यायचा, तो ऐकत झटकायचे. एवढं रंगवून सांगितलं तरी ती हसली नाही. सगळं लिहून मात्र घेतलं.

जेवण वेळेवर घेत जा. लोभ असू दे.
तुझी ताई,
नेल


विलेमस्टाड,
कुरासाव,
२७ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन तीन दिवस बोट चालवतोय. इथे जुनी जहाजं दुरुस्तीला येतात, तेव्हा तसल्या वेष्टणाला हात लावणारी माणसं नखशिखांत झाकून घेतात. जवळ कुणाला उभं राहू देत नाहीत. त्यामुळे डॉक्टरणीनं ते का विचारलं हे मला कळलं. तुलाही कळलं असणार, तू मला खुळ्यात काढू नकोस.

आईनं आपल्याला कपडे झटकायचे वार वाटून दिले होते. शनिवार तुझा, बुधवार माझा. बुधवारी दुपारी शाळा नसायची आणि फेयेनोर्दच्या पोरांचा सराव असायचा. पहिल्यांदा मी तुझ्या हातापाया पडलो, मोठा खेळाडू झालो की तुला घर बांधून देईन म्हणालो. पुढे विचारायचंही सोडलं. बूट घेऊन सरळ पळायचो. चार वर्षं, ताई.

डॉक्टर काय म्हणाले ते न लपवता कळव.
कृपालोभ असावा.
तुझा,
वाउट


रॉटरडॅम,
२५ ऑक्टोबर १९९८

चि. वाउट यास,
अ. उ. आ.

ॲस्बेस्टॉस, म्हणजे ती पांढरी भुकटी. तिच्यामुळे फुफ्फुसाच्या अस्तराला कॅन्सर झालाय आणि त्यावर औषध नाही. एखादं वर्ष, असं डॉक्टरीण म्हणाली, पण म्हणताना तिनं माझा हात धरला, त्यावरून वर्षही नसावं. बाबा सिगारेटनं गेले असं आपण वीस वर्षं धरून चाललो. बिचारी सिगारेट!

आता तुझं खूळ. बुधवारी मी काही झटकत नव्हते. आईची पाठ वळली की तुझ्या वाटणीचे कपडे तसेच टबात टाकायचे आणि खुशाल वाचत बसायचे. जे काही झालं ते माझ्या शनिवारांनी केलं. तेव्हा छाती पिटणं बंद कर.

नाताळात येणार आहेस ना? वाटाण्याचं दाट सार करीन, तुला आवडतं तसं, चमचा उभा राहील असं.

लोभ आहेच, वाढवावा.
तुझी ताई,
नेल


विलेमस्टाड,
१७ जानेवारी १९९९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाताळात आजारी पडलो असं कळवलं, ते खोटं. विमानतळापर्यंत गेलो आणि परत आलो.

तुझं सप्टेंबरचं पत्र समोर आहे. बुधवारी आणि शनिवारी, असं तुझ्याच हातचं आहे. तेव्हा तुला खोटं बोलायचं कारण नव्हतं.

मी छातीची तपासणी करून घेतली. काहीतरी निघावं अशी मनातून इच्छा होती, तुझी शपथ. फोटो दिव्यासमोर धरून डॉक्टरनं माझं अभिनंदन केलं. म्हणाला, पन्नाशीला टेकलेल्या गोदीकामगाराच्या मुलाची छाती इतकी स्वच्छ क्वचित बघायला मिळते.

आणि मिळवलं काय? चौदाव्या वर्षी क्लबनं हात मिळवून घरी पाठवलं. ताई, मी कुठल्या तोंडानं तुझ्यासमोर उभा राहू? मला यायचं धैर्य नाही.

तुझा,
वाउट


रॉटरडॅम,
२६ एप्रिल १९९९

चि. वाउट यास,
अ. उ. आ.

उत्तराला तीन महिने लागले. आता फार वेळ बसवत नाही.

काल आपण अजिंक्य झालो. टेऊन रडत वर आला. मग गावात मारामाऱ्या झाल्या आणि त्याचा मुलगा डोकं फोडून घेऊन आला, तेव्हा पुन्हा रडला. मी खिडकी उघडी ठेवायला लावली होती. स्टेडियममधली आरोळी थेट पलंगापर्यंत आली.

हो, मी खोटं बोलले. दोन्ही वार मीच झटकत होते. तुझं पत्र आलं तेव्हा राग आला, माझ्या छातीचा नाही, तुझ्या न येण्याचा. पंधरा दिवस तुझा फोटो पालथा ठेवला होता. मग सरळ केला.

तुला माहीत नाही ते सांगते. मैदानावर आरोळी उठली की मी ठरवायचे, गोल वाउटनं केला. झटकून संपलं की आई आत बोलवायची, म्हणून मी सावकाश झटकायचे. झालेले कपडेही पुन्हा झटकायचे. त्या भुकटीत काय आहे हे तुला कोणी सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

इथे शेजारणींनी माझ्यापाशी बसायचे वार वाटून घेतलेत. सोमवार-मंगळवार टेऊनची बायको, गुरुवार-शुक्रवार समोरची म्हातारी, शनिवार-रविवार चर्चमधल्या बायका. बुधवार मी कोणालाच दिलेला नाही. तो तुझा आहे. डॉक्टरीण म्हणते, तीन-चार बुधवार असतील.

लोभ वाढवायला आता सवड नाही. आहे तेवढा घेऊन ये.

तुझी ताई,
नेल