दुसऱ्या नावाचे खाते

अकोला,
३ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही माझे दुसरे वाक्य पुरे होऊ देत नाही आणि ही हकीकत दोन वाक्यांत मावणारी नाही. बाबांचेही म्हणणे तेच पडले, की आत्याले लिहूनच पाठव, कागद मधातच तोडता येत नाई तिले.

माझे बँकेतले खाते गोठवले गेले आहे. किराणा दुकानात पैसे जाईनात तेव्हा कळले. शाखेत विचारले तर गुजरातेतल्या एका सायबर पोलीस ठाण्याच्या पत्रावरून ही कारवाई झाल्याचे सांगितले. तिथून ना-हरकत आणा, मग पाहू, एवढेच उत्तर. माझी सगळी शिल्लक त्याच खात्यात आहे.

कारण तुम्हांला ठाऊक नसलेल्या एका कामात आहे. दीड वर्षापासून मी नायजेरियातल्या लागोस शहरच्या एका औषधविक्रेत्या बाईंचे, श्रीमती ओकाफोर यांचे, हिशेब घरी बसून लिहिते. त्यांच्या देशाचा नायरा असा घसरला आहे की बँकेकडून डॉलर मिळवून मला पगार धाडायचा म्हटले तर हंगाम उलटतो. म्हणून तिकडचे लहान व्यापारी करतात तेच त्या करतात. डॉलरच्या भावाशी बांधलेले आभासी चलन विकत घेऊन माझ्या मोबाइलवर पाठवतात. ते चहा गाळेपर्यंत येऊन पोहोचते. मग मी ते एका ॲपवर कोणा गरजूला विकते आणि तो माझ्या खात्यात रुपये भरतो. यात सट्टा नाही. मी एक नाणे कधी भाव चढेल म्हणून धरून ठेवले नाही, आणि कर भरला आहे.

मे महिन्यात एका घेणाऱ्याने असेच पंच्याऐंशी हजार भरले. ते हंसाबेन नावाच्या बाईंच्या खात्यातून आले होते. आता कळते की त्या बाईंना कोणीतरी फसवून ते पैसे थेट माझ्याकडे वळते करायला लावले. माझी नाणी चोराकडे गेली, आणि माझ्या हाती आला तो त्या बाईंचा पैसा.

लेखापरीक्षकाच्या सरकारी पदासाठी झालेली माझी निवड तुम्हीच तुमच्या साऱ्या कॅम्प भागात सांगितली आहे. त्या नेमणुकीसाठी चारित्र्य पडताळणीचे कागद याच महिन्यात येतील. आता काय करावे, ते कळवावे.

रागावण्याआधी एकदा लोभ आठवावा.
आपली,
नीलम


अमरावती,
८ जुलै २०२५

चि. नीलम हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात तो कशाचा आला ते नीट उमगले.

तो त्या चलनाचा नव्हे. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले आहे. ज्या देशाचे भांडे गळते, तिथली माणसे शेजाऱ्याच्या भांड्यात पाणी भरतात; त्याला नवे नाव दिल्याने ती गोष्ट नवी होत नाही. लागोसच्या बाईंना मी दोष देत नाही. दीड वर्ष तू हे माझ्यापासून दडवलेस, तेही तूर्त बाजूला ठेवते.

माझा आक्षेप तुझ्या गाफिलपणाला आहे. शेजारच्या गीतांजलीकडून, जी सनदी लेखापाल आहे, मी हा व्यवहार समजून घेतला. तिने सांगितले की घेणाऱ्याचे नाव आणि पैसे ज्या खात्यातून येतात ते नाव एकच असले पाहिजे, हा त्या ॲपचा पहिला नियम आहे. नाव जुळले नाही तर पैसे परत करायचे आणि नाणी द्यायची नाहीत. हे शेंबड्या पोराला समजेल. तू उद्या सरकारच्या वह्या तपासणार आहेस. एका पुरुषाला नाणी विकताना हंसाबेन नावाच्या बाईच्या खात्यातून आलेले पैसे तू कोणत्या बुद्धीने स्वीकारलेस, याचे मला लेखी उत्तर हवे आहे.

तुझ्या बाबाला, श्रावणला, सांग की कागद मधात तोडता येत नाही हे खरे, पण फाडता येतो. इंदूवहिनींना नमस्कार.

काळजीत,
तुझी आत्या,
प्रियदर्शनी


अकोला,
१४ जुलै २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तर मागितलेत, ते देते.

त्या नाणी घेणाऱ्याने लिहिले होते की माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली आहे, म्हणून आत्याच्या खात्यातून भरतो. नियम मला पाठ होता. तरीही मला त्यात काही वावगे दिसले नाही, आणि का दिसले नाही हे तुमचे पत्र येईपर्यंत माझ्याही ध्यानात आले नव्हते. माझी बारावीची फी, वसतिगृहाचे भाडे, स्पर्धा परीक्षेच्या वर्गाचे पैसे, सगळे तुमच्या खात्यातून गेले. दर जूनला खिडकीतला कारकून विचारी की हे नाव कोणाचे. मी सांगे, आत्याचे. तो मान हलवून पावती फाडी. पैसे आत्याच्या खात्यातून येतात हे मी कुठे शिकले नाही, मी त्यातच वाढले. दुसऱ्या कोणी काका म्हटले असते, मित्र म्हटले असते, तर मी त्याच क्षणी नकार दिला असता.

ही सारवासारव नाही. चूक माझीच आहे.

पडताळणीचा नमुना आला. त्यात एक प्रश्न आहे, की आपण कोणत्याही पोलीस चौकशीत गुंतलेले आहात काय, आणि पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. बाकीचा सारा नमुना भरून झाला. या चौकटींपाशी येते आणि उठते. दिवसभर घरात माझ्या येरझाऱ्या चालू असतात. आई म्हणाली की बसून राय ना पोरी एका जागी, फरशी झिजून राहिली. बाबा रोज सकाळी बँकेसमोरून चक्कर मारून येतात, जणू शटर उघडताना काही दिसेल.

श्रीमती ओकाफोर विचारतात की पुढचा पगार कुठे पाठवू. मी त्यांना थांबवले आहे. त्या म्हणाल्या की आमच्याकडे तर बँकाच माणसांना थांबवतात, तुमच्याकडे तुम्ही स्वतः थांबता, हे नवल आहे.

उत्तराची वाट पाहत,
नीलम


अमरावती,
२१ जुलै २०२५

चि. नीलम हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्रातला फीचा मजकूर वाचून मी विहारात वर्षावासाच्या वाचनाला गेले. तिथे माझ्या वाचनात तीन चुका झाल्या. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता कामाचे. इथले ॲड. धर्मेंद्र यांचा सल्ला असा: तू नाणी रीतसर विकलीस याचे पुरावे पाठवायचे आणि खाते मोकळे करण्याची मागणी करायची. पंच्याऐंशी हजार मात्र आपण होऊन परत करायचे नाहीत. केल्यास ती गुन्ह्याची कबुली समजली जाण्याचा धोका आहे.

माझे मतही तेच आहे, आणि ते केवळ वकिलाचे म्हणून नव्हे. चोरीचा बैल बाजारात कोणी कितीही सचोटीने घेतला, तरी खरा धनी आला की हातातले दावे सोडून द्यावे लागते. रुपयाचे तसे नाही. तो प्रामाणिक हातात पडला की त्या हाताचा झाला. असे नसते तर भाजी विकणारी बाई प्रत्येक नोटेची वंशावळ विचारत बसली असती आणि बाजार दुपारपर्यंतही चालला नसता. हंसाबेनचे नुकसान चोराने केले आहे, तू नव्हे.

नमुन्यातल्या प्रश्नापुढे 'नाही' लिही. चौकशी अज्ञात इसमाविरुद्ध आहे. तुझे खाते केवळ वाटेत आले. सोबत त्या ठाण्याला धाडायचे एक निवेदन लिहून पाठवते. त्यातला शब्दही बदलू नकोस. प्रत्येक शब्द तपासून ठेवला आहे.

जेवत जा. येरझाऱ्या घालायच्याच असतील तर गच्चीवर घाल.

हितचिंतक,
प्रियदर्शनी


अकोला,
२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे निवेदन निर्दोष आहे. मी ते पाठवले नाही.

बैल आणि रुपया यांचा भेद मला पटला, पण तो तुमच्या रुपयाला लागू पडतो. भाजीवालीच्या नोटेवर कोणाचे नाव नसते. माझ्या खात्यात जो रुपया पडला आहे त्याच्यासमोर हंसाबेन असे लिहिलेले आहे. मी रोज ते नाव वाचते. त्याला कान आहेत, शिंगे आहेत, आणि धनीही माहीत आहे.

मी त्या ठाण्याला सगळे पुरावे पाठवले, आणि वादातली रक्कम त्या बाईंना देण्यास माझी हरकत नाही असेही लिहून दिले. नमुन्यात 'होय' लिहिले आणि खाली कारण लिहिले. तुम्हांला विचारले असते तर तुम्ही पुन्हा समजावले असते आणि मला पुन्हा पटले असते. म्हणून आधी टपालात टाकले, मग हे लिहिते आहे.

परवा हंसाबेनचा फोन आला. तपास अधिकाऱ्यांनी माझा नंबर दिला असावा. मला वाटले होते की त्या आभार मानतील. त्यांनी हिंदी-गुजरातीत मला चोर म्हटले. त्यांचे चार लाख गेले आहेत. पंच्याऐंशी हजार इथे आहेत, तर बाकीचे कुठे ठेवलेस, हे त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. माझ्याकडे एवढेच आले, हे मी पुन्हा पुन्हा सांगत होते. बाबा शेजारी बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले की काहून ऐकून घेऊन राहिली, ठेव ना. मला ठेवता आला नाही.

लोभाविषयी आज काही मागत नाही.
नीलम


अकोला,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचे उत्तर आले नाही. ते उत्तरच आहे हे मला समजते, तरी लिहिते.

तिथल्या लोकअदालतीच्या आदेशाने हंसाबेनची रक्कम त्यांना मिळाली आणि माझे खाते मोकळे झाले. गुन्ह्यात माझे नाव नाही असे पत्रही ठाण्याने दिले. ते मी तुमच्या अमरावतीच्या कार्यालयात, जिथे माझी फाइल आहे, तिथे धाडले. हंसाबेन अजून फोन करतात. आता चोर म्हणत नाहीत, बाकीच्या खात्यांचा माग कसा काढायचा ते विचारतात. मी त्यांच्या बँकेच्या नोंदी उलगडून तक्रारीचा मसुदा करून देते आहे.

नेमणुकीची यादी लागली. माझ्यासोबतच्या सगळ्यांची नावे आहेत. माझ्या नावापुढे 'पडताळणी प्रलंबित, राखून ठेवले' असा शेरा आहे. किती काळ, हे कोणी सांगत नाही. घरात कोणी तो विषय काढत नाही, म्हणून सगळेच हळू बोलतात, आणि ते ऐकवत नाही. आई मात्र म्हणाली की आपल्याइकडे खरं बोलाले पण वशिला लागते.

अंतर पडू देऊ नये.
नीलम


अमरावती,
९ ऑक्टोबर २०२५

चि. नीलम हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने मी गप्प राहिले, कारण तुझा निर्णय मला अव्यवहारी वाटला होता. आजही वाटतो.

काल मी त्या कार्यालयात गेले होते. माझा एके काळचा विद्यार्थी मनोज तिथे अधिकारी आहे. आजवर मी कोणाही विद्यार्थ्याच्या टेबलापुढची खुर्ची ओढली नव्हती. त्याने चहा मागवला. तो मी घेतला नाही. फाइल वाचली गेली आहे काय, एवढेच विचारायला आले आहे, असे मी सांगितले. त्याने ती समोर आणवली आणि म्हणाला की मॅडम, पोरीनं 'होय' लिहिलं नसतं तं ही फाइल वर आलीच नसती. आता खाते मोकळे आहे, गुन्ह्यात नाव नाही. तिने नवा नमुना भरून 'नाही' लिहून द्यावे, जुना मी काढून टाकतो, दिवाळीनंतर आदेश निघेल. मी विचारले, तारीख कोणती घालायची. तो म्हणाला की जुलैचीच घालावी लागेल मॅडम, इतकं तं चालून जाते.

जुलैची तारीख आणि 'नाही' हे उत्तर. हेच मी तुला जुलैत लिहून पाठवले होते आणि ते बरोबर कसे याची कारणे दिली होती. कालही ती सगळी कारणे माझ्याजवळ होती. तरी मी मनोजला म्हटले की नको, फाइल आहे तशी राहू दे. का म्हटले, ते मला नीट मांडता येत नाही, आणि जे मांडता येत नाही ते मी सहसा करत नाही.

जिन्यात आल्यावर ध्यानात आले की नेमणूक तुझी, वर्षे तुझी, आणि मी तुला विचारलेही नाही. परत वर जायला वळले. गेले मात्र नाही. अजून वेळ गेलेली नाही. मनोज महिनाअखेरपर्यंत त्याच टेबलावर आहे. त्याचा नंबर खाली लिहिला आहे. तू काय करावेस याविषयी या वेळी माझा सल्ला नाही.

तुझी,
आत्या


अकोला,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र पोहोचले. बाबांनी ते मोठ्याने वाचायला लावले आणि मग आईला म्हणाले की पाय, अगदी आत्यावर गेली पोरगी, दोघीइचं एकच टाळकं. आल्या-गेल्याला ते हेच सांगत सुटले आहेत.

म्हणून एक गोष्ट फक्त तुम्हांला लिहिते. मी मनोजसरांना फोन लावला. त्यांनी उचलला, दोनदा हॅलो म्हणाले. चुकून लागला, असे सांगून मी ठेवला. पण लावला होता तो चुकून नव्हे. यादी लागल्यापासून मी थकले आहे, आत्या. त्या दिवशी त्या टेबलापाशी तुमच्या जागी मी असते, तर नवा नमुना घेतला असता, 'नाही' लिहिले असते आणि जुलैची तारीख घालून तुमच्यापेक्षा नीट अक्षरात सही केली असती. तुम्ही मला विचारले नाहीत याचा राग मला दिवसभर आला. विचारले असतेत तर माझे उत्तर काय आले असते, हे ठाऊक असल्यामुळेच तो एवढा आला.

नंबर मी फाडून टाकलेला नाही. महिना संपायला अजून अवकाश आहे आणि मी स्वतःवर पैज लावणार नाही. एवढे मात्र करा, कोणी मला तुमच्यासारखी म्हटले तर तुम्ही तरी होकार देऊ नका.

लोभ ठेवावा, कौतुक इतक्यात नको.
आपली,
नीलम