तुम्ही मला नापास केलंत त्या वर्षाबद्दल

प्रिय वैजयंतीबाई,

परवा अंबरनाथला तुमच्या शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं. "बाईंनी मला नापास केलं होतं," एवढं म्हणाले आणि लोक हसले. गमतीची आठवण वाटली त्यांना. पुढचं बोलता येईना, म्हणून खाली बसले. ते आता लिहितेय.

तुमच्याकडे आले तेव्हा मी नुकती बी.ए. झाले होते. समाजकार्याचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, आणि फॉर्मवर तीन विषयांतला एक निवडायचा. बाबा केमिकल कंपनीत ऑफिसर. त्यांचं ठरलेलं होतं, "कामगार कल्याण घे. कंपन्यांना वेल्फेअर ऑफिसर लागतात. आजारी माणसांत कशाला जातेस?" मैत्रिणी बालकल्याणाला चालल्या होत्या. मी वैद्यकीय समाजकार्यावर खूण केली.

"का?" तुम्ही मुलाखतीत विचारलंत.

"मला लोकांचं दुःख बघवत नाही."

"मग अवघड आहे. इथे बघावंच लागतं." तरीही घेतलंत!

फील्डवर्कला उल्हासनगरचं हॉस्पिटल मिळालं. पुरुषांच्या वॉर्डात विष्णू होता. पंचविशीचा, एका लहान कारखान्यात वाफेनं भाजलेला. त्याची बायको कुंदा बाहेर बाकावर बसून असायची. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दोन-तीन दिवस फार तर. घरच्यांशी बोलून घ्या.

मी बोलायला गेले. मी तोंड उघडायच्या आत कुंदानंच विचारलं, "ताई, वाचतील ना? नायतर सासूला जांभूळ गावाहून बोलावून घेते."

मी म्हणाले, "वाचतील. उगाच त्यांना घाबरवू नका."

किती सोपं गेलं ते बोलणं! तिचा चेहरा खुलला, मलाही बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी विष्णू गेला. त्याची आई पोचली तेव्हा कॉट रिकामी होती.

जर्नलमध्ये मी लिहिलं, 'पत्नीस धीर दिला.' तुम्ही खाली लाल शाईनं एकच शब्द लिहिलात : 'कशाचा?'

मग केबिनमध्ये बोलावून सगळं वदवून घेतलंत. ओरडला नाहीत. "फील्डवर्कमध्ये तुला नापास करतेय," म्हणालात. "आणि त्याच्या आईला जाऊन भेट."

"काय सांगू?"

"झालं ते."

बाई, तुम्ही सोबत का आला नाहीत? मला शिकवायचं म्हणून एकटीला धाडलंत, की ते घर तुम्हालाही झेपलं नसतं? दहा-अकरा वर्षं हे विचारायचं मनात होतं. राहून गेलं.

जांभूळला विष्णूची म्हातारी आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक होतं आणि मी लपवलं. वाटलं, शिव्या देईल, सूप फेकून मारेल. तिनं हात थांबवला आणि विचारलं, "माजे पोराला शेवटचा पानी कोनी पाजला? तू व्हतीस?"

हो म्हणायचा मोह झाला. खरंच झाला! तेवढ्यानं त्या बाईचा जीव निवला असता आणि माझीही सुटका झाली असती.

"मी नव्हते," म्हणाले. "वॉर्डातल्या आयाबाईंनी पाजलं."

"मंग तिला आन. मना तिला बघाचा हाय."

ईश्वरीबाई. आठवतात ना? उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी विधवा, वॉर्डातल्या आया. "मेरे को क्या काम उधर?" म्हणत कुरकुरल्या, पण रविवारी आल्या. दोघींची भाषा धड जुळत नव्हती. म्हातारीनं त्यांचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ईश्वरीबाई म्हणाल्या, "दो घूँट पिया, माई. आरामसे पिया." मी दारात उभी होते. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ते ठीकच होतं. कुंदाही आत होती. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

नापास झाल्यावर बाबांनी पुन्हा फॉर्म आणला : आता तरी कामगार कल्याण! तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "बदल ना. त्यात कमीपणा नाही." तुम्ही अडवाल असं वाटलं होतं. अडवलं नाहीत याचा फार राग आला. त्या रागातच मी पुन्हा वैद्यकीयवर खूण केली आणि वर्ष परत काढलं. बाबा आठवडाभर बोलले नाहीत.

त्यानंतर मी वॉर्डात खोटं बोलले नाही. चांगलं बोलायला मात्र पुढची बरीच वर्षं लागली. खरं कसं सांगावं, हे तुम्ही शिकवलंच नाहीत, बाई. नुसतं सांगायला लावलंत.

तुमच्या जागी फील्डवर्क बघायला मला बोलावलंय. नको म्हणणार होते. काल होकार कळवला. पाच मुली आहेत. चुकतील. वेळ आली तर नापास करीन. पण कुणाच्या दारात जाऊन चूक सांगायची असेल, तर मी तिच्याबरोबर जाईन. बोलेल तीच. मी शेजारी उभी राहीन.

दुसऱ्या खेपेला पास झालेली,
सुषमा