विश्वाचं वजन आणि माझा साडू

४ फेब्रुवारी, मंगळवार
आज विश्वाचं कोडं सुटलं. तसं सोपंच होतं. वर्कशॉपमध्ये वजनकाटे दुरुस्त करता करता, शेगडीवर तापवलेला लोखंडी गोळा सहज नाजूक काट्यावर ठेवला. गार असताना भरतो त्यापेक्षा कमी भरला! म्हणजे एनर्जीला उलटं वजन असतं. मॅटर खाली ओढतं, एनर्जी वर. विश्व का फुगतंय, हे एवढ्या शास्त्रज्ञांना कळू नये? पगार कसले घेतात कोण जाणे.

५ फेब्रुवारी
काटा घरी आणला. बायकोला थिअरी समजावली. म्हणाली, गोळा उचला, मला पोळ्या करायच्यात.

साडूला कळवायचं का? तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो, म्हणजे दुसऱ्यांचे शोध फळ्यावर उतरवतो. कळवतोच. जरा जळू दे.

७ फेब्रुवारी
मालकांना मेसेजवर राजीनामा पाठवला. विश्व तोलणाऱ्याने भाजीवाल्यांचे काटे किती दिवस दुरुस्त करायचे? उत्तर नाही. हादरले असणार.

घर कशावर चालणार, असं बायकोने विचारलं. पारितोषिकावर, म्हणालो. गप्प झाली. अभिमानाने असेल.

९ फेब्रुवारी, रविवार
साडू आला. गोळा तापवून दाखवला. वजन कमी! साडू हसला नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. त्याने रिकामा थर्मास तोलला, तापलेला गोळा आत टाकला, झाकण लावून पुन्हा तोलला. गोळा गार असताना भरतो तेवढाच भरला.

म्हणाला, उघड्या गोळ्याने भोवतालची हवा तापून वर जाते आणि काटा फसतो. वर विचारलं, "साडूभाऊ, गरम वस्तू निवल्याशिवाय काट्यावर ठेवायची नाही, हे तुमच्याकडे नव्या माणसाला सांगत नाहीत का?"

सांगतात. मीच सांगतो.

जेवलो नाही. आता नोकरीही नाही.

१० फेब्रुवारी
सकाळी बायकोने डबा हातात ठेवला. म्हणाली, "जा. तुम्हाला ताप होता, त्या भरात मेसेज गेला, असं मी कळवलंय."

गेलो. मालकांनी सगळ्यांदेखत माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाले, "अजून कोमट आहात. आज काट्याला हात लावू नका."

दिवसभर स्क्रू निवडले. विश्वाबद्दल कुणी काही विचारलं नाही.